बिनआडनावाचा व्हिलन

माझ्या सासऱ्यांशी मी आयुष्यात पहिल्यांदा जे बोललो, ते त्यांनी ऐकलंच नाही. त्यांचा काही दोष नव्हता. मुलगी पाहायला धनजला गेलो होतो. ओसरीवर सतरंजी अंथरलेली होती आणि मी शहाण्यासारखा त्यांच्या डाव्या हाताला जाऊन बसलो. कारंज्याच्या शाळेत नुकतीच मास्तरकी लागली होती, आणि आपल्याला बोलता येतं असा माझा समज होता. मी अर्धा तास बोललो. शिक्षण, देशाची परिस्थिती, नाटक हे लोकांना शहाणं करण्याचं साधन कसं आहे, सगळं बोललो. ते मधूनमधून मान हलवत होते. मला वाटलं, माणूस गुंतला.

मग चहा आला. कपबशी घ्यायला ते वळले आणि त्यांचं लक्ष माझ्या हलणाऱ्या तोंडाकडं गेलं. त्यांनी उजवा हात उजव्या कानामागं धरला, मान जराशी तिरपी केली आणि मोठ्या आदरानं विचारलं,

"काही म्हनून राह्यले होते का तुमी?"

आतल्या दारामागं बांगड्या वाजल्या आणि कोणीतरी फस्सकन हसलं. त्या हसणारीशीच पुढं माझं लग्न झालं.

"डाव्या कानात लहानपनी फोड झाला होता," ते म्हणाले. "तवापासून तो कान नुसता शोभेचा हाय, उजवाबी जेमतेमच. इकडून बोला, जवाईबापू, इकडून."

मी उठून उजवीकडं बसलो. 'जवाईबापू' हा शब्द त्यांच्या तोंडून निघाला तेव्हा काहीच ठरलेलं नव्हतं. तुमचं अर्ध्या तासाचं भाषण बाबांनी ऐकलं असतं तर ठरलंही नसतं, असं माझी बायको आजही म्हणते.

त्यांची एक लकब होती. तुम्ही काहीही सांगा, ते हात कानामागं धरून ऐकायचे, ऐकून झालं की क्षणभर थांबायचे आणि म्हणायचे, "आसं म्हन्ता?" त्यात शंका नसायची, टोमणा तर मुळीच नसायचा. तुमचं बोलणं पोचलं, आता मी त्याच्यावर विचार करतो, असा त्याचा अर्थ. पाऊस लांबला म्हणा, पोरीला ताप आहे म्हणा, सरकार पडलं म्हणा. "आसं म्हन्ता?" आणि त्यानंतर जे उत्तर येई ते खरोखर विचार केलेलं असे. मी पुष्कळ दोन कानांची माणसं पाहिली आहेत. इतकं लक्ष देऊन ऐकणारा त्यांच्यात एकही सापडला नाही.

मला नकला करायची खोड. पहिल्या भेटीचा तो प्रसंग मी घरी पाहुण्यांसमोर करून दाखवायचो. आधी डावीकडं बसून भाषण ठोकणारा मी, मग हात कानामागं धरणारे मामाजी, म्हणजे माझे सासरे. बायको पोटभर हसायची, कारण त्या गोष्टीत वेडा ठरायचा तो मी. मामाजींसमोरही एकदा करून दाखवला. तेही हसले. "माह्यापेक्षा बरा ऐकता तुमी," म्हणाले. आमची मुलगी तेव्हा चार वर्षांची. तिला तर हात कानामागं गेला की तिचे आबाजी दिसायचे.

ही झाली घरातली गोष्ट. आता गावातली सांगतो.

गणपतीत नाटक करायची आमच्या मंडळाची रीत होती आणि ते लिहायचं माझ्याकडं असे, कारण दुसरं कोणी ते अंगावर घेत नसे. नाटक व्हायचं एका जिनिंगच्या आवारात. भादव्यात कापूस कुठला. मोठी गोदामं रिकामी पडलेली असत. मंडळाचे अध्यक्ष एक जैन शेठजी होते, कापडाचे दुकानदार. सूर्य मावळायच्या आत जेवणारे, म्हणून आमच्या सगळ्या बैठका दुपारी चारला. गणपती आणि त्यांचं पर्युषण बरोबरच यायचं. ते बिचारे उपासात असायचे आणि आम्ही त्यांच्यासमोर चिवडा खात नाटकाची चर्चा करायचो.

त्या वर्षीच्या पहिल्याच बैठकीत शेठजींनी हात जोडले.

"मास्तर, माही एक इनंती हाय. चार वर्सं झाले. दरसाली नाटकातला खलपुरुष म्हंजे लांब कोट, काळी टोपी अन् तोंडात देवाचं नाव. पडदा माह्या दुकानातला, कनात माही. अन् नाटक झालं का गल्लीतले लेकरं मलेच हुर्यो करतात. परवा एक बाई कापड पाहता पाहता नातीले म्हने, पाह्य वं, नाटकातला शेठ."

सगळे हसले. शेठजीही हसले, पण जोडलेले हात सोडले नाहीत.

"हाव, तं मंग काय पाटील करतान?" शेजारच्या गावचे एक पाटील मंडळात होते, ते ताठ झाले. "आधीच सांगतो, जमनार नाही. पिक्चर पाहा तं पाटील, तमाशा पाहा तं पाटील. कोनाची पोरगी पळवायची तं पाटलानंच पळवा. अरे बाप्पा, आमाले पेरनीतून फुरसत तं भेटली पाह्यजे!"

कोपऱ्यात तबल्यावरची धूळ पुसत एक चाचा बसले होते. दरवर्षी आमच्या नाटकाला तबला त्यांचा. ते कधी चर्चेत पडत नसत. त्या दिवशी मान वर न करता म्हणाले,

"मास्टरजी, गुंडे का नाम तीन साल से हमारे में से रहता. मैंने कभी कुछ बोला? उसके एंट्री पे थाप बराबर दी ना?"

यावर कोणी हसलं नाही. तिन्ही नावं मीच ठेवलेली होती, आणि ठेवताना मी फार विचार केला होता असंही नाही. गुंड म्हटलं की हाताला जे नाव लागलं ते लिहिलं होतं. मी चिवड्यातला दाणा शोधत राहिलो.

मग आमचा कंपाउंडर बोलला. दवाखान्यात सुया टोचायचा आणि मंडळात कायमचा व्हिलन असायचा. गणपतीनंतर आठ दिवस गावातली लेकरं त्याच्याकडून सुई टोचून घेत नसत, आणि तो हे स्वतःच मोठ्या अभिमानानं सांगायचा.

"काहून भांडता? पिक्चरवानी करू ना. एक डोळा पांढरा, गालावर वार, नाही तं एक पाय लंगडा. ना शेठ ना पाटील. कोनाच्याच बापाचं नाव नाही."

आणि इथं मी उभा राहिलो. मला उभं राहायची गरज नव्हती, सगळे बसूनच बोलत होते. मी म्हणालो, सिनेमावाल्यांनी ही एक मोठी वाईट चाल पाडली आहे. डोळा गेलेल्या माणसानं, पाय अधू असलेल्या माणसानं कोणाचं काय बिघडवलं? अंगातलं व्यंग म्हणजे मनातलं पाप नव्हे. आपण असा व्हिलन उभा करू की ज्याला आडनाव नाही, जात नाही, धंदा नाही आणि अंगावर एकही खूण नाही. पाप हीच त्याची ओळख.

टाळ्या पडल्या. 'अंगातलं व्यंग म्हणजे मनातलं पाप नव्हे' हे वाक्य शेठजींनी बैठकीच्या वहीत माझ्या नावानं लिहून घेतलं. ती वही अजून असेल कुठंतरी. ती कोणाच्या हाती लागू नये असं मला वाटतं.

नाटक लिहिलं. एका विधवेच्या शेताला जायची एकच बैलगाडीची वाट असते आणि व्हिलन तिच्यावर काट्याचं कुंपण घालतो. ती येऊन पदर पसरते आणि तो दाद देत नाही, हा मुख्य प्रवेश. विधवेचं काम शाळेतल्या ड्रॉईंगच्या मास्तरांकडं होतं आणि ते खरोखर रडत. पण व्हिलन काही केल्या उभा राहीना. कंपाउंडर यायचा, "नाही!" म्हणायचा आणि खांबासारखा थांबायचा.

चौथ्या दिवशी तो वैतागला. "मास्तर, या मानसाले ना शेंडा ना बुडखा. त्यो चालते कसा? बसते कसा? कोट नाही, मिशी नाही, लंगडता येत नाही. मी करू काय? तुमीच करून दाखवा."

मी उठलो. ड्रॉईंग मास्तरांनी पदर पसरला, "माही वाट मोकळी करा हो," म्हणून हुंदका दिला. मला काय करावं ते सुचेना. सगळे माझ्याकडं पाहत होते. आणि माझा उजवा हात उजव्या कानामागं गेला. मान तिरपी झाली. बाई पुन्हा म्हणाली, वाट मोकळी करा हो. मी क्षणभर थांबलो आणि सावकाश म्हणालो,

"आसं म्हन्ता?"

एकदम हशा उसळला, आणि हशातच सगळ्यांच्या अंगावर काटाही आला, कारण बाई रडते आहे आणि हा माणूस ऐकू न आल्याचं सोंग करतो आहे. चाचांची बोटं आपोआप तबल्यावर पडली. पाटील मांडीवर थाप मारून म्हणाले, "आता आला व्हिलन!"

आता खोटं कशाला बोलू. त्या वेळी मला कळलं नव्हतं, नकळत झालं, असं मी पुढं पुष्कळांना सांगितलं. पण कळलं होतं. हात अजून कानामागंच होता तेव्हाच कळलं होतं. मी मनाशी एवढंच म्हणालो की मामाजी धनजला राहतात, आठवड्यातून एकदा बाजाराला येतात, इथं त्यांना कोण ओळखतं? शेठ ओरडले, पाटील ओरडले, चाचासुद्धा बोलले. या खेपेला ओरडणारं कोणी नव्हतं. तीच मला सोय वाटली.

घरी बायकोनं विचारलं, "जमला का तुमचा व्हिलन?"

"जमला," म्हणालो आणि ताटात बघून जेवलो.

नाटकाला मामाजी आले नाहीत. त्यांच्या गावातही गणपती होता. बायको मुलीला घेऊन बायकांच्या बाजूला बसली होती. मी विंगेत होतो. मुख्य प्रवेश आला. कंपाउंडरनं कमाल केली. माझ्यापेक्षा छान केलं त्यानं. धोतर नेसला होता, डोक्याला पटका होता, हे कपडे त्याचे त्यानंच शोधले होते. बाईनं पदर पसरला. त्यानं सावकाश हात कानामागं नेला.

आणि त्या शांततेत बायकांच्या बाजूनं एक बारीक, आनंदानं भरलेली किंकाळी आली,

"आई! आबाजी!"

सगळं गोदाम हसलं. लोकांना वाटलं, लेकराची गंमत. कंपाउंडरनं हशा ओसरू दिला आणि म्हणाला, "आसं म्हन्ता?" टाळ्या थांबेनात. मी विंगेतून वाकून पाहिलं. बायको मुलीला कडेवर घेऊन, बायकांच्या पायांतून वाट काढत बाहेर चालली होती. मुलगी तिच्या खांद्यावरून मागं वळून स्टेजला हात दाखवत होती.

घरी गेलो तेव्हा ताट वाढून झाकलेलं होतं. ती म्हणाली, "बाबाले सांगू नका." आणि दोन दिवस बोलली नाही.

मी कशाला सांगतो? पण गावानं सांगायला सुरुवात केली. 'आसं म्हन्ता' हा शब्द आठ दिवसांत कारंज्यात पसरला. हॉटेलात कोणी उधारीवर चहा मागितला की मालक हात कानामागं धरायचा. माझ्या वर्गात मी "गृहपाठ दाखवा" म्हटलं की मागच्या बाकावरून तोच हात वर जायचा. मी कोणाला रागावणार?

पहिल्या बाजाराला मामाजी आले. पोरीसाठी पिशवीत मक्याची कणसं, काकड्या. परत जाताना मी त्यांना एस. टी. स्टँडवर पोचवायला गेलो. त्यांनी नेहमीप्रमाणे कंट्रोलरच्या खिडकीशी जाऊन विचारलं, "धनजची गाडी कोठी लागते?" आणि उत्तर ऐकायला हात कानामागं धरला. बाकावरची चार पोरं एका सुरात म्हणाली, "आसं म्हन्ता?" आणि चौघांचे हात चार कानांमागं.

मामाजींनी त्यांच्याकडं पाहिलं आणि तेही हसले. मान हलवून त्यांना नमस्कार केला. गाडीत चढताना मला म्हणाले, "कारंज्याचे लोकं यंदा लय बोलके झाले, जवाईबापू. जे ते पाहून हासते. पह्यले नव्हतं आसं."

"आसं म्हणता?" माझ्या तोंडून गेलं. त्यांना ऐकू आलं नाही. मी डावीकडं उभा होतो.

चार बाजार असेच गेले. त्यांना वाटायचं, माणसं ओळख देऊन राहिली आहेत. ते ओळख द्यायचे. रस्त्यानं जाताना दहा ठिकाणी थांबून हात वर करायचे. एका म्हाताऱ्या खेडुताला तालुक्याचं गाव असं ओळखू लागलं याचा त्यांना किती आनंद झाला होता, हे मी शेजारून चालत पाहायचो.

मग पाचवा बाजार. मोठ्या रस्त्यावर फोटो स्टुडिओ होता. त्याच्या काचेच्या कपाटात लग्नाची जोडपी, नागडी तान्ही बाळं असे फोटो लावलेले असत. मी पुढं चालत होतो. मागं वळून पाहिलं तर मामाजी त्या काचेपाशी थांबले होते. मी परत गेलो. आमच्या नाटकाचा फोटो लावला होता. मधोमध कंपाउंडर, धोतर, पटका, डोळे बारीक केलेले, समोर पदर पसरलेली बाई. आणि कानामागं हात.

ते खूप वेळ पाहत राहिले. ज्याला ऐकू कमी येतं त्याला दिसतं फार. काचेत त्यांचं स्वतःचं प्रतिबिंब पडलं होतं, ते त्या फोटोच्या जरा वर. फोटोखाली नाटकाचं नाव होतं आणि 'लेखक' म्हणून माझं.

मला वाटलं, आता काहीतरी म्हणतील. मी उजव्या बाजूला आलो. ते म्हणाले,

"धोतर बराबर नाही नेसला त्यो. सोगा उलटा हाय."

आणि चालू लागले.

त्या दिवसापासून मामाजींचा हात कानामागं गेला नाही. स्टँडवर नाही, दुकानात नाही, आमच्या घरातही नाही. बसले की दोन्ही हात मांडीवर, एकावर एक ठेवलेले. कोणी काही बोललं की मान हलवायची. ऐकू आलं तरी मान, नाही आलं तरी मान. "आसं म्हन्ता" तर बंदच झालं.

बायकोनं विचारलं, "बाबा, भाकर वाढू?" मान हलली. वाढली. "अजून अर्धी?" मान हलली. चार भाकरी त्यांनी तशा खाल्ल्या, एरवी दोन खाणाऱ्या माणसानं. पाचवी तिच्या हातात होती तेव्हा तिला उमगलं. ती उठून आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. मी ताकाची वाटी त्यांच्यापुढं सरकवली. त्यांनी मान हलवली.

थंडीच्या दिवसांत एकदा ते धनजऐवजी मानोऱ्याला गेले. कंडक्टरनं विचारलं असेल, मानोरा का? यांनी मान हलवली असेल. दुसऱ्या दिवशी दुपारी परत आले. कुठं राहिलात म्हणून विचारलं तर म्हणाले, "मानोराबी पाहाचा होताच." बायकोनं त्यांच्या पायांवर गरम पाणी घातलं. माझ्याकडं तिनं पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

मी या काळात काय केलं? फोटोवाल्याला सांगून फोटो काढायला लावला. त्याच्या जागी एका बाळाचा लागला. वर्गात नक्कल करणाऱ्या दोन पोरांना अंगठे धरायला लावले. आणि एकदा मामाजींना पोचवायला जाताना, नेमकं काय बोलायचं हे घरून पाठ करून निघालो. स्टँड आला, गाडी आली, ते चढले. मी म्हणालो, "मामाजी, जागा खिडकीजवळची घ्या." त्यांनी मान हलवली.

पुढच्या वर्षी पुन्हा दुपारी चारला बैठक भरली. पाटलांनी सुरुवातच केली, "मास्तर, यंदा काही डोकं खाजवू नका. त्योच व्हिलन पाह्यजे. पब्लिक त्यालेच मांगून राह्यली." कंपाउंडर तर हात कानामागं धरूनच आला होता.

 या खेपेला मी बसूनच बोललो. म्हणालो,

"तो माणूस माझा सासरा आहे."

कोणाला कळेना. मी सांगितलं. कान, फोड, लकब, स्टँड, फोटो, चार भाकरी, मानोरा. सांगता सांगता लक्षात आलं की मी गोष्ट रंगवून सांगू लागलोय आणि पाटलांच्या मिशीत हसू येऊ लागलंय. मी गप्प झालो.

कंपाउंडरचा हात खाली आला होता. तो म्हणाला, "मले काय मालूम? मले तं वाटलं तुमी मनानं बनवलं. लय जीव लावून केलं मी." त्याचा चेहरा पडला होता. माझ्यामुळं पडलेला हा दुसरा चेहरा.

"पन मास्तर," पाटील म्हणाले, "आमी आपापल्या मानसापायी भांडलो तवा. तुमच्या सासऱ्याच्या बाजूनं बोलनारं कोनी नव्हतं का इथं?"

"होता ना," मी म्हणालो. "मी होतो."

चाचा तबला खोळीत घालत होते. म्हणाले, "मास्टरजी, नाम नहीं रखा तो क्या, आदमी तो रख दिया." आणि नाडी आवळली.

 शेठजींनी वही मिटली. त्या वर्षी नाटक झालं नाही. भजन झालं, आणि फार थोडे लोक आले.

जैनांचं पर्युषण संपलं की क्षमावाणीचा दिवस येतो. त्या दिवशी ते घरोघर जाऊन, वर्षभरात कळत-नकळत कोणाला दुखवलं असेल तर हात जोडून क्षमा मागतात. शेठजी दरवर्षी माझ्याकडंही यायचे. मी म्हणायचो, "अहो शेठजी, तुम्ही कुठं काय केलंय?" आणि ते म्हणायचे, "म्हनूनच सोपं जाते." त्या वर्षी क्षमावाणीनंतरच्या बाजाराला ते आले. मामाजी ओसरीवर भिंतीला टेकून बसले होते, हात मांडीवर. शेठजींनी चपला काढल्या, माझ्याकडं न येता सरळ मामाजींच्या उजव्या बाजूला जाऊन बसले. कोणती बाजू ते बैठकीत माझ्याच तोंडून त्यांनी ऐकलं होतं. ते कानाशी वाकले आणि म्हणाले,

"पाहुनं, आमच्या मंडळाकडून तुमचं मन दुखलं. माह्याच पडद्यावर दुखलं. मले क्षमा करा."

मामाजींनी मान हलवली नाही. ते जरा वळले. त्यांचा उजवा हात मांडीवरून उठला, हळूहळू वर गेला आणि कानामागं थांबला. शेठजींनी सगळं पुन्हा एकदा सांगितलं, शब्दन् शब्द. मामाजींनी ऐकलं. थोडा वेळ विचार केला.

"आसं म्हन्ता?" ते म्हणाले. मग म्हणाले, "तुमी कायले मांगता? पडद्याचा काय गुन्हा?"

दारात बायको उभी होती. तिनं पदर तोंडाला लावला होता.

शेठजी उजवीकडं बसलेले, तेव्हा मी डावीकडं बसलो. मनात म्हटलं, आता नाही तर कधीच नाही. मी बोलायला सुरुवात केली. या खेपेला पाठ केलेलं नव्हतं. तालमीत काय झालं ते सांगितलं, हात कानामागं असतानाच मला कळलं होतं हेही सांगितलं. शेठजींना ते ऐकवेना म्हणा, किंवा आपण मधे नसावं असं वाटलं म्हणा, ते हळूच उठले, हात जोडले आणि गेले. मी थांबलो नाही. बोलत राहिलो.  मामाजी समोर पाहत होते, दोन्ही हात पुन्हा मांडीवर. माझं बोलून झालं. त्यांनी माझ्याकडं पाहून, फार सौजन्यानं, मान हलवली.

मला मोकळं वाटलं. खरं सांगतो, अगदी हलकं वाटलं. त्यांना गाडीत बसवून आलो, हातपाय धुतले आणि बायकोला म्हणालो, "बोललो एकदाचं. तू होतीस ना दारात? सगळं बोललो."

ती कणसं सोलत होती. तिनं हातातलं कणीस पुरं सोललं, केसर काढून बाजूला ठेवलं.

"हाव, होती मी दारात," ती म्हणाली. "शेठजी उठून गेल्यावर उजव्या अंगाची जागा रिकामी झाली होती."